इथिओपियात उद्रेक, दिल्लीत सावधगिरी : ज्वालामुखीची राख उपग्रहांना कशी दिसते?

इथिओपियाच्या ईशान्येकडील अफार प्रदेशात २३ नोव्हेंबर २०२५ रोजी हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. तांबडा समुद्र, येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून ही राख २४ नोव्हेंबरच्या रात्री गुजरात-राजस्थानमार्गे भारतात आली आणि दिल्लीच्या आकाशात पोहोचली. हवाई वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) विमान कंपन्यांना राखेचे क्षेत्र टाळण्याच्या सूचना दिल्या. अकासा एअरने जेद्दा, कुवेत आणि अबुधाबीची उड्डाणे रद्द केली. एअर इंडियाने उद्रेकानंतर त्या भागातून गेलेली विमाने तपासणीसाठी थांबवली आणि त्यामुळे काही उड्डाणे रद्द झाली. त्यात मुंबईहून सुटणारी देशांतर्गत उड्डाणेही होती. हा लोट नक्की कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि पुढे कुठे जाणार, हे जमिनीवरून कोणालाही सांगता आले नसते. ही माहिती मिळाली ती उपग्रहांमुळे. हे काम उपग्रह कसे करतात आणि त्यांच्या मर्यादा काय आहेत, हे समजून घेऊ या.

हायली गुब्बीचा उद्रेक विशेष का ठरला?

हायली गुब्बी हा अदिस अबाबापासून दूर, एरिट्रियाच्या सीमेजवळ आहे. उंची जेमतेम ५०० मीटर. त्याचा शेजारी एर्ता आले हा लाव्हाच्या तळ्यासाठी जगप्रसिद्ध आहे, पण हायली गुब्बीचे नाव ज्वालामुखीतज्ज्ञांच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था जगभरातील ज्वालामुखींची नोंद ठेवते. त्या नोंदीत गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत हायली गुब्बीचा एकही उद्रेक नव्हता.

‘१२ हजार वर्षांनी जागा झाला’ अशा मथळ्यांच्या बातम्या यावरूनच आल्या. पण नोंद नाही याचा अर्थ उद्रेक झालाच नाही असा होत नाही. अफार हा अतिशय उष्ण, दुर्गम आणि विरळ वस्तीचा भाग आहे. तिथे पूर्वी काही घडले असले, तरी ते लिहून ठेवणारे कोणी नव्हते. या वेळी फरक एवढाच होता की वर उपग्रह होते.

जगात सक्रिय होऊ शकतील असे सुमारे १,३५० ज्वालामुखी आहेत. त्यातील निम्म्याहून कमी ज्वालामुखींवर जमिनीवरील उपकरणांनी लक्ष ठेवले जाते. बाकीच्यांच्या बाबतीत उपग्रह हीच पहिली आणि अनेकदा एकमेव खबर असते.

राखेची एवढी भीती कशासाठी?

ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. चुलीतली राख मऊ असते, पाण्यात कालवता येते. ज्वालामुखीची राख म्हणजे फुटलेल्या खडकाचे, खनिजांचे आणि काचेचे बारीक, धारदार कण. लाव्हारसातील वायू स्फोटाने बाहेर पडतात तेव्हा त्या रसाच्या चिंधड्या उडतात आणि हवेत क्षणार्धात थंड होऊन त्यांची काच बनते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना राख म्हणतात. सर्वात बारीक कण वाऱ्यावर हजारो किलोमीटर जातात.

ही काच साधारण १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. जेट इंजिनाच्या आतील तापमान त्याहून जास्त असते. त्यामुळे इंजिनात गेलेली राख वितळते आणि पुढच्या, तुलनेने थंड भागातील पात्यांवर पुन्हा घट्ट होऊन बसते. हवेचा मार्ग कोंडतो आणि इंजिन बंद पडू शकते. शिवाय वैमानिकासमोरची काच घासली जाऊन धूसर होते आणि वेग मोजणाऱ्या नळ्या बुजू शकतात.

हा धोका जगाला कळला तो २४ जून १९८२ च्या रात्री. लंडनहून ऑकलंडला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान मुंबई आणि क्वालालंपूरचे थांबे घेऊन पर्थकडे जात होते. विमानात २६३ जण होते. इंडोनेशियातील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरल्यावर त्याची चारही इंजिने एकामागोमाग बंद पडली. विमान ३७ हजार फुटांवरून घरंगळत १३ हजार फुटांच्या आसपास आले. राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्तात सुखरूप उतरले. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या विमानावर हाच प्रसंग आला. तेही बचावले.

दोन्ही वेळी वैमानिकांना समोर राख असल्याचे कळले नव्हते. विमानातील हवामान रडार पावसाचे थेंब टिपते. राखेचे सूक्ष्म कण त्याला दिसत नाहीत, आणि रात्री डोळ्यांनाही दिसत नाहीत. म्हणून राख कुठे आहे ते विमानाबाहेरच्या कोणीतरी सांगावे लागते.

साधा ढग आणि राखेचा ढग वेगळा कसा ओळखतात?

दिवसा काढलेल्या उपग्रह छायाचित्रात दाट राख करडी किंवा तपकिरी दिसते. पण ती विरळ झाली की नेहमीच्या ढगांत मिसळून जाते, आणि रात्री छायाचित्राचा उपयोग नसतो. इथे कामी येतात अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण.

जमीन, समुद्र आणि ढग सगळेच सतत उष्णता बाहेर टाकत असतात. उपग्रह ही उष्णता वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजतो. त्यातील दोन तरंगलांबी महत्त्वाच्या आहेत, सुमारे ११ मायक्रॉन आणि सुमारे १२ मायक्रॉन. पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण १२ मायक्रॉनची उष्णता जास्त शोषतात. राखेतील सिलिकेट नेमके उलटे करते, ते ११ मायक्रॉनची उष्णता जास्त शोषते. त्यामुळे ११ च्या तापमानातून १२ चे तापमान वजा केले, की साध्या ढगासाठी उत्तर सहसा शून्याच्या वर येते आणि राखेसाठी शून्याच्या खाली. एका साध्या वजाबाकीतून दोन ढग वेगळे ओळखू येतात. ऑस्ट्रेलियात काम करणारे शास्त्रज्ञ फ्रेड प्राटा यांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. आजही राख शोधण्याचा पाया हाच आहे.

हवामानाच्या बातम्यांत राखेची जी लाल-गुलाबी रंगाची चित्रे दाखवली जातात, ती याच फरकावरून तयार केलेली असतात. प्रत्यक्षात आकाश तसे दिसत नाही, रंग संगणकाने दिलेले असतात.

ही मोजणी कोण करते?

त्यासाठी दोन प्रकारचे उपग्रह लागतात. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्या एकाच भागाकडे अखंड पाहतात. जपानचा हिमावारी दर दहा मिनिटांनी चित्र पाठवतो. युरोपचा एक मेटिओसॅट उपग्रह हिंदी महासागरावर नजर ठेवून असतो आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात पूर्व आफ्रिकाही येते. भारताच्या इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएस या उपग्रहांवरही या दोन्ही तरंगलांबींच्या आसपासच्या पट्ट्या आहेत. ते मुळात मान्सून आणि चक्रीवादळांसाठी असले, तरी त्यांच्या चित्रांत राखही शोधता येते.

दुसरा प्रकार ध्रुवीय उपग्रहांचा. ते काहीशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. एका ठिकाणावरून ते दिवसातून एखाद-दोनदाच जातात, पण जवळून पाहत असल्याने त्यांना बारकावे दिसतात. वेळ साधायची तर भूस्थिर आणि तपशील हवा तर ध्रुवीय, असा हा हिशेब आहे.

वायूवरून लोटाचा माग कसा काढतात?

उद्रेकात राखेबरोबर सल्फर डायऑक्साइड हा वायूही बाहेर पडतो. हवेत तो एरवी फार कमी असतो, म्हणून अचानक वाढलेले प्रमाण लगेच उठून दिसते. हा वायू सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा ठरावीक भाग शोषतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात तो भाग किती कमी झाला, यावरून वायूचे प्रमाण काढता येते.

याचा शोध काहीसा योगायोगानेच लागला. नासाने १९७८ मध्ये निम्बस-७ उपग्रहावर ओझोन मोजण्यासाठी एक उपकरण पाठवले होते. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोनचा उद्रेक झाला, तेव्हा त्याला सल्फर डायऑक्साइडही दिसत असल्याचे लक्षात आले. पुढे १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोने वातावरणात सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडल्याचे याच मार्गाने कळले. त्यातून बनलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि जगाचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

आज हे काम प्रामुख्याने युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण करते. २०१७ मध्ये सोडलेला हा उपग्रह दिवसातून एकदा जवळपास संपूर्ण पृथ्वी पाहतो. हायली गुब्बीचा वायू अरबी समुद्रावरून भारताकडे सरकतानाच्या नकाशांमागे अशीच उपकरणे होती.

पण वायू जिथे तिथे राख असे गृहीत धरता येत नाही. आइसलँडमधील ग्रिम्सवॉट्नच्या २०११ च्या उद्रेकात वायू बराचसा उत्तरेकडे आणि राख दक्षिणेकडे गेली. दोघे वेगवेगळ्या उंचीवर होते आणि त्या त्या उंचीवरचा वारा वेगळा होता.

लोटाची उंची कशी मोजतात?

विमानांच्या दृष्टीने हा सर्वात कळीचा प्रश्न आहे. राख २० हजार फुटांवर असेल तर ३५ हजार फुटांवरचे विमान तिच्या वरून जाऊ शकते. उलट ती ३५ हजारांवरच असेल, तर मार्ग बदलण्याशिवाय पर्याय नसतो. उंचीनुसार वाराही बदलतो, म्हणजे उंची चुकली तर दिशेचा अंदाजही चुकतो.

सोपी पद्धत तापमानाची. वर जावे तशी हवा थंड होते. लोटाच्या माथ्याचे तापमान उपग्रहाने मोजले आणि त्या दिवशी कोणत्या उंचीवर किती तापमान होते हे माहीत असले, की उंची काढता येते. पण लोट विरळ असेल तर खालच्या जमिनीची ऊब त्यातून डोकावते आणि उंची कमी भासते. शिवाय स्थितांबरात तापमान पुन्हा वाढू लागते, त्यामुळे फार उंच लोटांसाठी ही पद्धत फसते.

तेव्हा दुसरी पद्धत वापरतात. हात लांब करून अंगठा समोर धरा आणि आळीपाळीने एक डोळा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जितका डोळ्यांजवळ, तितका तो जास्त सरकतो. दोन वेगळ्या जागी असलेल्या उपग्रहांनी एकाच वेळी लोट पाहिला, तर तोही असाच ‘सरकतो’ आणि त्या अंतरावरून उंची मोजता येते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा टोंगा-हुंगा हापाई या समुद्राखालील ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहांची चित्रे अशी जुळवली. लोट ५७ किलोमीटर उंच गेल्याचे निघाले. इतक्या उंच गेलेल्या ज्वालामुखीच्या लोटाची ही पहिलीच नोंद आहे.

तिसरा मार्ग लायडारचा. उपग्रहावरून लेझरचा झोत खाली सोडायचा आणि तो कणांवर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचे. अचूकता उत्तम, पण हा झोत एका बारीक रेषेवरच पडतो. लोट त्या रेषेखाली आला तरच त्याचा उपयोग.

उद्रेकाआधी काही कळते का?

काही वेळा कळते. लाव्हारस वर चढू लागला की ज्वालामुखीची जमीन किंचित फुगते. रडार उपग्रह एकाच जागेची काही दिवसांच्या अंतराने मोजणी करतात आणि दोन मोजण्यांतील फरकावरून जमीन काही सेंटिमीटर वर आली किंवा खचली तरी सांगतात. रडारला ढग, धूर किंवा अंधार आडवा येत नाही.

जुलै २०२५ मध्ये एर्ता आलेचा उद्रेक झाला, तेव्हा जमिनीखालून लाव्हारस सरकत हायली गुब्बीच्या दिशेने गेल्याच्या खुणा अशाच रडार मोजणीत दिसल्या होत्या. शास्त्रज्ञांसाठी हा महत्त्वाचा धागा होता. पण जमीन फुगली म्हणजे उद्रेक होणारच असे नसते. अनेकदा लाव्हारस खालीच थंड होतो. त्यामुळे रडारवरून ‘इथे लक्ष द्या’ असे सांगता येते, ‘अमुक तारखेला’ असे नाही.

या क्षेत्रात आता भारताचाही थेट वाटा आहे. इस्रो आणि नासाचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे रडार असलेला हा उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परततो. त्यातील लांब तरंगलांबीचे रडार दाट झाडीतूनही जमिनीपर्यंत पोहोचते. अंदमानातील बॅरन बेटासारख्या ज्वालामुखींसाठी असे उपग्रह मोलाचे आहेत. भारतातील हा एकमेव सक्रिय ज्वालामुखी दीड शतकाहून जास्त काळ शांत राहून १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून उसळत असतो. बेट निर्मनुष्य आहे, त्यामुळे कायम लक्ष ठेवायचे तर ते वरूनच.

याशिवाय उष्णता टिपणारे उपग्रह लाव्हाचे तप्त ठिपके शोधतात. पंजाब-हरियाणातील शेतांत पेंढा जाळल्याच्या जागा ज्या उपग्रहांमुळे दर हिवाळ्यात नकाशावर दिसतात, तेच उपग्रह वाहता लाव्हाही दाखवतात.

माहिती वैमानिकापर्यंत कशी पोहोचते?

जगाचे आकाश नऊ ज्वालामुखी राख सल्लागार केंद्रांमध्ये वाटून दिलेले आहे. लंडन, तुलूझ, डार्विन, टोकियो, वेलिंग्टन, वॉशिंग्टन, अँकरेज, माँट्रियल आणि ब्युनोस आयर्स ही ती केंद्रे. हायली गुब्बीच्या वेळी फ्रान्समधील तुलूझ केंद्राने इशारे दिले. उपग्रहाने दाखवलेली राख वाऱ्याच्या संगणकीय प्रारूपात भरली जाते आणि पुढील ६, १२ आणि १८ तासांत ती कुठे असेल याचा अंदाज काढला जातो. त्यावरून भारतीय हवामान विभागाच्या मुंबई, नवी दिल्ली आणि कोलकाता येथील कार्यालयांनी विमानांसाठी ‘सिगमेट’ हे धोक्याचे इशारे जारी केले.

हायली गुब्बीहून दिल्ली सुमारे चार हजार किलोमीटर दूर आहे. उद्रेकानंतर साधारण दीड दिवसात राख तिथे पोहोचली, म्हणजे तासाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने. हा वेग उंचावरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांचा होता. राख उंचावरच राहिल्याने दिल्लीच्या जमिनीवरील हवेवर तिचा मोठा परिणाम होणार नाही, असे हवामान विभागाने सांगितले होते. २५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत ती चीनच्या दिशेने सरकेल, असाही अंदाज होता.

मग उडायचे की नाही, हे एवढे अवघड का?

कारण राख ‘आहे’ हे सांगणे आणि ‘किती आहे’ हे सांगणे यात मोठा फरक आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एय्याफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे बरेचसे आकाश जवळपास सहा दिवस बंद होते. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवासी अडकले. तेव्हाचा नियम साधा होता, राख असेल तिथे उडायचे नाही. किती राख विमानाला चालेल याची मर्यादाच ठरलेली नव्हती. त्यानंतर युरोपात एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम राख आहे त्यानुसार टप्पे ठरवण्यात आले. आता उपग्रहांकडून नुसत्या चित्राची नव्हे, आकड्याची अपेक्षा असते.

हा आकडा काढणे सोपे नाही. राखेच्या कणांवर बर्फ चढले की तो ढग उपग्रहाला बर्फाचाच वाटतो. लोट फार दाट असला तर दोन तरंगलांबींतील फरक पुसला जातो. वर दुसरे ढग असले तर खालची राख झाकली जाते. अतिनील उपकरणे रात्री आंधळी असतात. म्हणूनच कोणतेही केंद्र एकाच उपग्रहावर विसंबत नाही.

उपग्रह आले, मग जमिनीवरील यंत्रणांची गरज काय?

२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातील अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीचा एक उतार समुद्रात कोसळला. त्यातून उठलेल्या त्सुनामीत ४०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. काही तासांनी तिथून गेलेल्या रडार उपग्रहाने राखेच्या ढगातून पाहून डोंगराचा कोणता भाग गेला ते स्पष्ट दाखवले. काय घडले हे कळले, पण किनाऱ्यावरच्या माणसांना त्याचा उपयोग उरला नव्हता. लाट तासाभरात पोहोचली होती. उपग्रह त्याच्या ठरलेल्या वेळेलाच येणार होता.

हायली गुब्बीतही चित्र फारसे वेगळे नव्हते. उद्रेकात जीवितहानी झाल्याचे वृत्त नव्हते, पण जवळच्या अफदेरा गावावर राख पसरली आणि जनावरांवर जगणाऱ्या पशुपालकांपुढे चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. चार हजार किलोमीटरवरच्या विमान कंपन्यांना राख येणार हे आधीच कळले होते. ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मात्र ती अंगावर पडल्यावर कळली. यात उपग्रहांचा दोष नाही. वरून मिळालेली सूचना गावापर्यंत नेण्यासाठी भूकंपमापक, स्थानिक वेधशाळा, फोन आणि ती सूचना समजून सांगणारा माणूस लागतो. जगातील निम्म्याहून अधिक ज्वालामुखींच्या पायथ्याशी यातील पहिली गोष्टच नाही.